घर झालं, आता बसायचं कशावर?

परदेशात घर विकत घेणाऱ्याचा खिसा ज्या दिवशी किल्ली हातात पडते त्या दिवशी सर्वांत हलका असतो. डाउन पेमेंट गेलेलं, वकील आणि एजंटची फी गेलेली, कर्जाचा पहिला हप्ता दारात उभा. आणि घर? ओकंबोकं. बोललेलं घुमतं इतकं रिकामं. अशा वेळी पाय आपोआप फर्निचरच्या शोरूमकडे वळतात. जरा थांबा. लोकांनी घर सोडताना काय न्यायचं, काय ठेवायचं, काय रस्त्यावर टाकायचं, याचे देशोदेशी इतके अजब कायदे आणि रिवाज आहेत की ते कळले तर निम्मं घर शोरूमची पायरी न चढता भरतं.

ओटा गेला कुठे?

जर्मनीत भाड्याचं घर सोडणारा माणूस बऱ्याचदा स्वयंपाकघरच घेऊन जातो. भांडीकुंडी तर नेतोच; ओटा, सिंक, भिंतीवरची कपाटं, शेगडी, सगळं उचकटून नेतो. मागे उरतात नळाचे पाइप आणि छतातून लोंबणाऱ्या दोन वायरी. तिथे दिवा होता, हे आपण समजून घ्यायचं. विकत घेतलेल्या घरात ओटा राहतो, पण तो किमतीत धरला आहे की नाही, हे आधी विचारावं लागतं.

धरला असेल, तर एक सरळमार्गी युक्ती आहे. घरखरेदीवरचा कर जमीन आणि इमारतीवर लागतो. सुटं करून नेता येईल अशा सामानावर लागत नाही. म्हणून जर्मन मंडळी करारात स्वयंपाकघराची किंमत वेगळी लिहून घेतात. हा कर बव्हेरियात ३.५ टक्के आहे, तर नॉर्थ राइन-वेस्टफालियात ६.५ टक्के. तिथे १०,००० युरोंचं स्वयंपाकघर वेगळं दाखवलं, तर ६५० युरो वाचले. आकडा मात्र पटण्याजोगा हवा. वीस वर्षं जुन्या ओट्याची किंमत नव्या मोटारीएवढी लावलीत, तर कर खात्याच्या भुवया वर जाणारच.

नेदरलँड्समध्ये भानगड नको म्हणून घर विकणारा चक्क यादीच भरून देतो. प्रत्येक वस्तूपुढे खूण: ठेवणार, नेणार, किंवा हवी असेल तर पैसे मोजा. पडदे, जमिनीवरचं लाकूड, दारावरची घंटा, टपालपेटी, एवढंच काय, संडासातल्या कागदाची गुंडाळी अडकवायचा आकडासुद्धा यादीत असतो. डच माणसाच्या काटकसरीबद्दल आणखी काही सांगायला नको.

इंग्लंड आणि वेल्समध्ये या यादीच्या फॉर्मचं नाव टीए१०. त्यातलं एक कलम तर लाजवाब आहे. विकणाऱ्याने छतावरचा दिवा काढून नेला, तर त्याने त्या जागी वायर, होल्डर आणि बल्ब लावून जावं असं त्यात गृहीत धरलेलं आहे. म्हणजे झुंबर तुझं, पण नव्या मालकाला अंधारात बसवायचं नाही.

हे फॉर्म डोळ्यांखालून नीट घाला आणि मागायला लाजू नका. मोठं घर विकून छोट्या घरात जाणाऱ्या आजी-आजोबांना त्यांचं अवजड कपाट कुठे न्यायचं हा प्रश्नच असतो. तुमच्या एका प्रश्नाने दोन घरांची अडचण सुटते.

फ्रेंच सरकारची आयती यादी

नव्या घराला नेमकं काय लागतं? नवरा-बायकोचं यावर एकमत होणं कठीण. फ्रेंच सरकारने मात्र हा वाद ३१ जुलै २०१५ च्या एका हुकुमाने मिटवून टाकला. फर्निचरसह भाड्याने द्यायच्या घरात किमान काय हवं, याची त्यांनी ११ कलमांची यादी केली. पांघरुणासह अंथरूण, झोपायच्या खोलीत उजेड अडवणारे पडदे, शेगडी, ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह, फ्रीज, जेवायची भांडी, स्वयंपाकाची भांडी, टेबल आणि खुर्च्या, सामान ठेवायला फळ्या, दिवे आणि साफसफाईचं साहित्य. संपली यादी.

पुन्हा एकदा वाचा. सोफा नाही. टीव्ही नाही. वॉशिंग मशीनसुद्धा नाही! हा कायदा भाड्याच्या घरांचा आहे, पण नव्या घरमालकाच्या पहिल्या महिन्यासाठी याहून चांगली खरेदीची यादी मला तरी माहीत नाही. आपल्याकडे पहिली खरेदी सोफ्याची होते, कारण पाहुणे येणार. पाहुण्यांना सतरंजीवर बसवा. दोन महिन्यांनी स्वस्तात चांगला सोफा मिळेल, आणि तो कसा, ते पुढे येतंच आहे.

रस्त्यावर मांडलेलं दिवाणखान्याचं सामान

जगातल्या काही शहरांत वर्षातून एकदा अख्खं गाव घर बदलतं. कॅनडातलं मॉन्ट्रियल घ्या. क्यूबेक प्रांतात भाडेकरार बहुतेक ३० जूनला संपतात, त्यामुळे १ जुलैला ट्रक, हातगाड्या, सायकली, मिळेल त्यावर सामान लादून लोक निघतात. त्याच दिवशी कॅनडाचा राष्ट्रीय दिवसही असतो, पण मॉन्ट्रियलमध्ये झेंड्यापेक्षा गाद्या जास्त दिसतात. पूर्वी हा दिवस १ मे होता. शाळकरी मुलांचं वर्ष मधेच तुटू नये म्हणून १९७० च्या दशकात तो पुढे ढकलला. नव्या घरात न मावणारं सामान फुटपाथवर येतं, आणि चाणाक्ष माणसं सकाळीच फेरी मारून येतात.

अमेरिकेत बॉस्टनचा हाच दिवस १ सप्टेंबर. विद्यार्थ्यांचं शहर, त्यामुळे करार एकाच दिवशी पालटतात. ऑलस्टन भागात रस्त्यावर इतकं सामान येतं की स्थानिक लोक त्या दिवसाला ‘ऑलस्टनचा ख्रिसमस’ म्हणतात. भाड्याचे उंच ट्रक स्टॉरो ड्राइव्हच्या बुटक्या पुलांखाली अडकून त्यांची छपरं सोलून निघतात, हा त्या सणाचा वार्षिक विनोद.

नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. त्या दिवशी कुणीही परवाना न काढता रस्त्यावर घरातलं जुनं सामान विकू शकतो. पलंग-कपाटं कमी, पण कप-बशा, दिवे, आरसे, मुलांच्या खुर्च्या भरपूर. संध्याकाळी घरी परत न्यायचा कंटाळा येतो तेव्हा भाव कोसळतात. उत्तर फ्रान्समधल्या लील शहराचा जुना बाजार सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी भरतो, आणि युरोपातल्या मोठ्यातल्या मोठ्या जुन्या बाजारांत त्याची गणना होते.

जर्मनीत अवजड सामान पालिकेच्या गाडीसाठी बाहेर ठेवायची पद्धत आहे. बाहेर ठेवलं म्हणजे फुकट, असं मात्र समजू नका. अनेक गावांत ते पालिकेचं धरलं जातं आणि उचलायला बंदी असते. ‘फुकट न्या’ अशी चिठ्ठी लावलेली खोकी निर्धास्त उचला.

आणि एक नियम सगळ्या देशांना लागू: लाकूड, काच, धातू उचला, गादी आणि कापडी सोफा रस्त्यावरून कधीही आणू नका. एकदा ढेकूण घरात शिरले की ते काढणाऱ्याचं बिल नव्या सोफ्याच्या वर जातं.

जिथे टाकायलाही पैसे पडतात

आपल्याकडे भंगारवाला जुनं सामान नेतो आणि वर पैसे देतो. जपानमध्ये उलटा कारभार. टोकियोत साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू टाकायची, तर ती ‘अवजड कचरा’ ठरते. आधी नाव नोंदवा, मग दुकानातून शुल्काचं स्टिकर विकत आणा, ते खुर्चीवर चिकटवा, आणि दिलेल्या दिवशी सकाळी खुर्ची बाहेर ठेवा. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी यांना तर हीसुद्धा सोय नाही. २००१ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांच्या पुनर्वापराचं शुल्क टाकणाऱ्याच्याच माथी मारलं आहे.

यात तुमचा फायदा काय? फेकायला पैसे पडतात म्हणून माणसं चांगल्या वस्तू फुकट द्यायला तयार असतात. मायदेशी परतणारे परदेशी लोक ‘सायोनारा सेल’ लावतात. विमानाची तारीख जवळ आली की टेबलाची किंमत शून्य येन होते, फक्त उचलून न्या.

हाच नियम कधी कधी अंगावरही येतो. २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत, एकूण घरांच्या १३.८ टक्के. खेड्यातली अशी घरं कवडीमोलाने मिळतात म्हणून जगभरचे हौशी लोक घेतात. दार उघडलं की आत आधीच्या आजीबाईंचा पन्नास वर्षांचा संसार जसाच्या तसा! फर्निचरचा खर्च वाचला म्हणावं, तर नको ते टाकायचा खर्च बसला.

टोकियोहून ओसाकाला जाणार असाल, तर जुनं वॉशिंग मशीन घेताना मागचं लेबल वाचा. पूर्व जपानात वीज ५० हर्ट्झची, पश्चिम जपानात ६० ची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जनित्रं जर्मनीहून मागवली आणि ओसाकाने अमेरिकेहून, त्याची ही देणगी. नव्या यंत्रांना बहुतेक दोन्ही चालतात. जुन्यांचं सांगता येत नाही.

सोफ्याची जन्मपत्रिका

आता तो सोफा. ब्रिटनमध्ये जुना सोफा घेताना आधी उशी उचला आणि खाली शिवलेलं आगीबद्दलचं लेबल शोधा. १९७९ साली मँचेस्टरमधल्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचरच्या फोमने पेट घेतला आणि १० जण गेले. त्यातून पुढे १९८८ चे नियम आले: गादीदार फर्निचर सहजासहजी पेट घेणार नाही असंच हवं, आणि तसं लेबल त्यावर कायम हवं. लेबल नसलेला सोफा धर्मादाय दुकानं घेतही नाहीत, विकतही नाहीत. म्हणून लेबल कापलेला देखणा सोफा वीस पौंडांत मिळाला तरी सोडा. उद्या तुम्हाला तो काढायचा झाला तर कुणी हात लावणार नाही. १९५० पूर्वी बनलेल्या फर्निचरला या नियमांतून सूट आहे. पणजोबांच्या वयाची आरामखुर्ची मिळाली, तर खुशाल घ्या.

ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्थांची फर्निचरची मोठमोठी दुकानं आहेत. देणाऱ्याच्या घरून सामान ते फुकट उचलतात, त्यामुळे माल चांगला येतो.

सोफा घेण्याआधी जिना मात्र मोजा. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठची घरं इतकी अरुंद की प्रत्येकाच्या माथ्यावर तुळई आणि तिला आकडा. पियानो असो की पलंग, दोराने वर चढवून खिडकीतून आत. चढवताना सामान भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं पुढे झुकतीच बांधली, असं सांगतात. हल्ली शिडीवरून चालणारी लिफ्ट भाड्याने मिळते. तिचं भाडं सोफ्याच्या किमतीत मिळवून मग भाव करा.

राजा राणीपेक्षा लहान

गाद्यांच्या मापांत तर नुसता सावळागोंधळ. ब्रिटनचा ‘किंग’ पलंग १५० बाय २०० सेंटिमीटर. अमेरिकेचा ‘क्वीन’ १५२ बाय २०३. म्हणजे ब्रिटिश राजा अमेरिकी राणीपेक्षा दोन बोटं कमीच. ब्रिटनचा डबल १३५ बाय १९०, आणि युरोपातल्या १४० बाय २०० च्या गादीवर त्याची चादर कोपऱ्यात ताणून ताणून शेवटी सुटतेच. जर्मनीत जुनी पारंपरिक उशी ८० बाय ८० ची, चौकोनी. सोलापूरहून नेलेल्या उशीच्या अभ्र्यांचा तिथे काही उपयोग नाही. जर्मन डबल बेडवर बहुधा दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात. पांघरुणाची ओढाओढ नाही, हे संसाराला बरं. मधल्या फटीचं काय ते ज्याचं त्याने ठरवावं.

अमेरिकी गादीला एक धमकीवजा लेबल असतं: काढलंत तर कायद्याने शिक्षा. लोक बिचारे वर्षानुवर्षं ते जपतात. ती तंबी विकणाऱ्यासाठी आहे. विकत घेतल्यावर तुम्ही ते खुशाल फाडू शकता.

आणखी एक अमेरिकी सोय: झोपायच्या खोलीत भिंतीतलं कपाट बहुतेक असतंच. जर्मनीत ते नसतं. बजेट आखताना हे आधी पाहा. एका मोठ्या कपाटाचा खर्च इकडचा तिकडे होतो.

पाय तोडा, गाडीत घाला

आयकियाचं नाव आल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. इंग्वार काम्प्राड या स्वीडिश पोराने १९४३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपनी काढली. १९५६ मध्ये त्याचा डिझायनर गिलिस लुंडग्रेन याला एक टेबल मोटारीत मावेना, तेव्हा त्याने पाय काढून टाकले. खोक्यात बसणाऱ्या फर्निचरची गोष्ट इथून सांगतात. याच लुंडग्रेनने पुढे बिली नावाची पुस्तकांची मांडणी काढली, ती १९७९ पासून विकली जाते आहे.

वस्तूंना आकड्यांऐवजी नावं का? कारण काम्प्राडला डिस्लेक्सिया होता, आकडे लक्षात राहत नसत. म्हणून पलंगांना नॉर्वेतल्या गावांची नावं, जेवणाच्या टेबलांना फिनलंडमधल्या, सतरंज्यांना डेन्मार्कमधल्या. न्हाणीघरातल्या वस्तूंना स्वीडनमधली तळी आणि नद्या.

दुकानात शिरल्यावर मात्र वरच्या मजल्यावरच्या सजवलेल्या खोल्यांना भुलू नका. बिलाच्या काउंटरजवळ परत आलेल्या आणि प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंचा कोपरा असतो, तिथे आधी जा. टेबल जोडून तयार, एखादा ओरखडा, आणि भाव उतरलेला. एक तोटा आहे: स्वतः जोडलेल्या वस्तूवर माणसाचा जीव जास्त जडतो. नॉर्टन, मोचॉन आणि अरिएली या तीन संशोधकांनी २०१२ साली हे प्रयोगाने दाखवलं. साधं खोकं स्वतः जोडणारे लोक त्याला जास्त किंमत द्यायला तयार झाले. ‘आयकिया परिणाम’ हे त्याचं नावच पडलं. तुमचं तिरकं कपाट तुम्हाला सुंदर दिसतं, त्याचं कारण हे.

स्वीडनमध्येच एस्किल्स्टुना गावात २०१५ साली रेटूना नावाचा मॉल निघाला. तिथे सगळंच जुनं, दुरुस्त केलेलं किंवा नव्याने घडवलेलं. २०२० मध्ये खुद्द आयकियाने तिथे जुन्या मालाचं दुकान थाटलं.

फ्रान्समध्ये हे काम फार आधी सुरू झालं. आबे पिएर या पाद्र्याने १९४९ साली एमाउस चळवळ उभी केली. बेघर माणसं टाकाऊ सामान गोळा करतात, दुरुस्त करतात, विकतात आणि त्यावर स्वाभिमानाने जगतात. कॅनडा-अमेरिकेत ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ची रीस्टोअर दुकानं आहेत, पहिलं १९९१ साली विनिपेगमध्ये निघालं. तिथे दारं, टाइल, सिंक, नळ, उरलेला रंगसुद्धा मिळतो. घर जुनं घेतलं असेल, तर शोरूमच्या आधी इथे फेरी हवीच.

दुबईत काटकसरीचा पत्ता वेगळा: ड्रॅगन मार्ट. ड्रॅगनच्या आकाराचा, सव्वा किलोमीटर लांबीचा चिनी मालाचा बाजार. शेपटीकडून शिरलात तर तोंडापर्यंत पोचेस्तोवर पडद्यांपासून पलंगापर्यंत सगळं होतं. चपला मऊ घाला.

मिक्सर, कुकर, देव्हारा

आपल्या माणसांचा खरा प्रश्न हा. सासूबाईंनी दिलेला मिक्सर न्यायचा की नाही? युरोप, ब्रिटन, दुबई, ऑस्ट्रेलिया इथे वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टच्या आसपास. पिन बदलली की चटणी झाली. अमेरिकेत १२० आणि जपानात १०० व्होल्ट. तिथे आपला मिक्सर नुसता कण्हतो. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण मिक्सर पेलणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड निघतो. तिथलाच घ्या.

ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. घरात इंडक्शन असेल तर निघण्याआधी कुकरच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर बॅगेत, नाही चिकटला तर वहिनीकडे.

कंटेनरने सामान न्यायचं असेल, तर नवं घेऊन नेऊ नका. युरोपीय संघात स्थायिक होताना किमान सहा महिने वापरलेलं घरसामान करमुक्त येतं, पण पुढे वर्षभर ते विकता येत नाही. अमेरिकेत अट वर्षभर वापरल्याची. जुनाट दिसणारी चार पातेली इथे कामाला येतात.

आणि ऑस्ट्रेलिया! तिथे देव्हारा, पाट, चौरंग, पोळपाट, लाकडाचं जे काही असेल ते जाहीर करावंच लागतं. किडीचं भोक दिसलं तर अडलं; साल चिकटलेली असली तरी अडलं. वास्तुशांतीसाठी आंब्याच्या ताज्या पानांचं तोरण बॅगेत लपवून नेण्याचा विचारही नको, दंड जबर बसतो. क्वीन्सलंडमध्ये आंबे पिकतातच, पानं तिथेच शोधा.

इटलीत एक युरोत घर मिळतं, ही बातमी तुम्हालाही कुणीतरी पाठवली असेल. खरी आहे. पण ठराविक मुदतीत, अनेक गावांत तीन वर्षांत, दुरुस्ती करण्याची अट असते आणि त्यासाठी अनामत ठेवावी लागते. दुरुस्ती करताना लक्षात असू द्या: १९७५ च्या नियमाने घरातल्या एका तरी न्हाणीघरात बिडे, म्हणजे बसून धुवायचं भांडं, असलंच पाहिजे. पाण्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्या आपल्या लोकांना हा नियम मंजूरच असेल. त्याचं बजेट धरा, सोफ्याचं नंतर पाहू.

आणि हे सगळं जमवून जर्मनीतल्या घरात फळ्या लावायला निघाला असाल, तर ड्रिल मशीन शनिवारीच उरकून घ्या. रविवारी तिथे भिंतीला भोक पाडायची सोय नाही. शेजाऱ्याची पहिली ओळख तक्रारीनेच होईल.